टाच वळली पाहिजे

आमच्या आत्याला कुणी भेटायला आलं की ती आधी त्याला ढकलायची. अंगावर धावून जायची असं नाही. हसत पुढे यायची, 'बसा' म्हणायच्या आधी उजव्या हाताची दोन बोटं समोरच्याच्या खांद्यावर टेकवायची आणि हलकेच रेटायची. माणूस मागे हलला की तोंड वाकडं करायची. "मुळं न्हाईत तुम्हाला," म्हणायची आणि मग चहाचं विचारायची. पोस्टमन, सरपंच, विम्याचा एजंट, मुलगी बघायला आलेले पाहुणे, कुणी सुटलं नाही. वर्षावासाला विहारात आलेले भन्तेजी तेवढे वाचले, तेही तिची बोटं उचलली जाताना मी मागून पदर ओढला म्हणून. मग तिने त्याच बोटांचे हात जोडले.

नात्याने ती माझी धाकटी नणंद. माझ्या मुलांची आत्या, म्हणून आळीची आत्या, मग गावाची, आणि शेवटी मीही तिला आत्याच म्हणायला लागले. लग्न होऊन मुंबईला गेली, तिथे नवऱ्याने टाकली, मग एका व्यायामशाळेत झाडलोट करायला लागली. झाडता झाडता तिथल्या पोरांचं बघून एकदा तिने टांगलेल्या पिशवीवर ठोसा मारला, आणि तिथल्या मास्तरांनी तिच्या हातातला झाडू काढून घेतला. बायकांच्या बॉक्सिंगच्या लढती तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. काही वर्षं ती लढली. मग खांदा निखळला तो नीट बसलाच नाही, तेव्हा वळकटी घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. नाक उजवीकडे कललेलं.

"नाकाला काय झालं गं?" मी विचारलं.

"कंटाळलं सरळ राहून," ती म्हणाली.

तिचा भाऊ म्हणजे आमचे हे. हे दिघीच्या धक्क्यावर लाँचला कामाला होते. आगरदांड्याला जाणाऱ्यांना हाका मारायच्या, तिकिटं फाडायची. आवाज असा, की ह्यांनी इकडून 'चला आगरदांडा' म्हटलं की खाडीच्या पलीकडचे लोक चपला घालायला लागायचे. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या बहिणीला ह्यांनीच खांद्यावर बसवून वाढवलं. ती परत आली त्या दिवशी ह्यांनी तिला एक शब्द विचारला नाही. मला म्हणाले, "ताट वाढ तिचं." ते ताट आत्या जन्मभर विसरली नाही. मला पुष्कळदा वाटतं, विसरली असती तर बरं झालं असतं.

मी तेव्हा पंचेचाळिशीची, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. स्टार्चची साडी, पर्समध्ये लाल पेन आणि जगातल्या कुठल्याही विषयावर न विचारता बोलायची तयारी. आज तशी बाई माझ्या ओसरीवर आली तर मी आतून कडी लावून घेईन. आत्याने गावातल्या मुली गोळा केल्या, तेव्हा मी शिंप्याकडून टेप आणली आणि मुलींचे दंड मोजायला बसले. ठोसा हातात असतो असं माझं पक्कं मत. आत्याने माझ्या हातातली टेप घेतली आणि जमिनीवर बसून मुलींच्या पोटऱ्या बघायला लागली. "दंड दाखवायला असतो वहिनी," म्हणाली. "मारतो तो पाय."

पिशवी तिने स्वतः शिवली होती. जाड ताडपत्रीची, आत चिंध्या आणि नारळाचा काथ्या. समुद्राची वाळू का भरत नाहीस, एवढी पडलीय दारात, असं मी शहाणपणाने विचारलं. "ती पावसात दमट होऊन दगड होते. पोरींची मनगटं जातील." पिशवी तिने आमच्या पडवीच्या वाशाला टांगली. संध्याकाळी हे लाँचवरून आले, पिशवीकडे बघितलं, पाय न धुता स्टुलावर चढले आणि दोर सोडला.

"माझ्या दारात मुडदा लटकल्यासारखं दिसतंय," म्हणाले. "धक्क्यावर लोक इचारतात मला, बहीण मारते काय रे घरी."

आत्याला उत्तर देता येत नव्हतं असं नाही. ज्या बाईने सरपंचाला दारात ढकललं होतं, ती भावासमोर मान खाली घालून उभी राहिली. मग पिशवी खांद्यावर घेऊन विहाराच्या मागच्या अंगणात गेली आणि तिथल्या फणसाला टांगली. त्या दिवसापासून गावात 'फणसाखाली' म्हणजे बॉक्सिंग. ह्यांचा धक्क्यावर जायचा रस्ता तिथूनच. रोज जायचे, रोज यायचे, पण मान फिरवायचे नाहीत. आणि आत्या, तोंडाने मुलींवर ओरडत असली तरी, ह्यांच्या चपलांचा आवाज आला की एक क्षण थांबायची. बघेल आता, बघेल आता. मला राग यायचा. तिचा जास्त.

मी स्वतः त्या पिशवीला एकदा मारलं, हे सांगायला हवं. रविवार होता, मुली जमल्या होत्या, आणि बाईंना वाटलं की बाईंनीही काहीतरी करून दाखवावं. पदर खोचला, बांगड्या वर सरकवल्या, 'स्त्रीशक्ती' वगैरे दोन वाक्यं बोलून घेतली आणि मारला. पिशवी हलली नाही. माझं मनगट मात्र टम्म फुगलं. पुढचे काही दिवस फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं आणि वर्गाला सांगितलं, न्हाणीघरात घसरले. वर्गातल्या निम्म्या मुली त्या दिवशी फणसाखालीच होत्या. त्यांनी माना डोलावल्या. आत्या संध्याकाळी हळद लावताना म्हणाली, "वहिनी, तू मूठ घरनंच आवळून आली होतीस. मूठ शेवटच्या वितीला आवळायची. तोवर हात मेल्यासारखा."

तिचं खरं शिकवणं ओहोटीला चालायचं. पाणी मागे गेलं की ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिथे मुलींना अनवाणी उभं करायची. हवेत एकेक ठोसा मारायला लावायची, आणि ठोसा बघायचीच नाही. मागे जाऊन वाकायची आणि मागच्या पायाखालची वाळू बघायची. मागची टाच वळली, सगळं अंग त्या पायावरून फिरलं, तर चवड्याखाली वाटीएवढा खड्डा पडतो. नुसता हात फेकला तर वाळू जशीच्या तशी. "खड्डा न्हाय, तर ठोसा न्हाय," म्हणायची. "टाच वळली पाहिजे. टाच वळली की गुडघा, गुडघा वळला की कंबर, कंबर वळली की खांदा. मूठ बिचारी शेवटी येते, नवरदेवाच्या मामासारखी, आणि मान तीच खाऊन जाते."

आणखी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून अजिबात पटायची नाही. मुली दमल्या की ती थांबवायची. थोडेच ठोसे, पण प्रत्येक पुरा, आणि मध्ये चक्क बसून राहायचं. मी शंभर वेळा लिहून आण म्हणणाऱ्यांपैकी. "अगं, घोटून घे की त्यांच्याकडून," मी म्हटलं. ती म्हणाली, "दमलेल्या अंगानं मारलेला ठोसा खोटा असतो. अंगाला खरंखोटं कळत न्हाय, ते खोटाच शिकून बसतं." रागावलेल्या मुलीलाही ती पिशवीजवळ फिरकू द्यायची नाही. राग खांद्यातच अडकतो, मुठीपर्यंत पोचत नाही, म्हणून. हे तिने कुणाकडून ऐकलं होतं की स्वतःवरून शोधलं होतं, मी विचारलं नाही.

ती काही देवमाणूस नव्हती. तिच्या हातची आमटी कुत्रं हुंगून पुढे जाई. कुणाचे आभार मानणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. एका मुलीने सराव सोडून शिवणक्लास धरला, तर त्या मुलीशी ती वर्षभर बोलली नाही, आणि ब्लाउज मात्र तिच्याकडेच शिवायला टाकला, तोही माझ्या हाताने.

पोटासाठी ती वाडीत नारळ सोलायला जायची. जमिनीत टोकदार पहार रोवलेली असते, तिच्यावर नारळ आपटायचा आणि पिळा देऊन सोडण, म्हणजे वरचं जाड साल, उचकटायचं. हाताने सोलणारा थोड्या वेळात रडतो. कमरेने सोलणारा दिवसभर सोलतो. आत्याने मुलींनाही वाडीत नेलं. नारळ पहारेवर ठेवून थांबायचं, तिने "सोल" म्हटलं की अख्ख्या अंगाने पिळा द्यायचा. तीच हाक मग फणसाखाली आली. पिशवीसमोर मुलगी सैल उभी. वाट बघायची, वाट बघायची, आणि आत्या ओरडली "सोऽल" की टाच, कंबर, खांदा, मूठ, सगळं एकदम. "हाक आली की अख्खी बाई ठोशात गेली पाहिजे," म्हणायची.

ही हाक गावाला तोंडपाठ झाली. कुणाची सायकल चढावर अडली की मागून आवाज यायचा, सोल. चिखलात टेम्पो रुतला की सोल. लग्नात जाड नवरीला मामाने उचललं तेव्हाही कुणीतरी सोल म्हणालंच.

सगळ्या मुलींत हाक खऱ्या अर्थाने भिनली ती एकीच्या अंगात. तिला आम्ही बारकी म्हणायचो. सुपाऱ्या सोलणाऱ्या सखूची लेक, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, अंगाने काडी. तिने मारलं की फणसावरची पाखरं उडायची. "तुला एवढी ताकद कुठून गं?" मी विचारलं, तर लाजून म्हणाली, "मला न्हाय माहीत बाई. आत्या हाक मारते, आणि आतून कायतरी जातं."

हे ऐकून आत्या खूश होईल असं मला वाटलं होतं. तिला भलतीच काळजी लागली. लढतीत कोण हाक मारणार? दुसऱ्या दिवसापासून तिने बारकीसाठी हाक बंद केली. "आता तुझी तू ऐकायची. समोरचीचा तोल गेला की तुझ्याच पोटातनं हाक येईल. तोवर थांब." सुरुवातीला बारकी पिशवीसमोर नुसती उभी राहायची, हाकेची वाट बघत, डोळ्यांत पाणी. आत्या पाठ फिरवून बसायची. पुढे हळूहळू बारकी स्वतःहून मारायला लागली. अगदी ताजं होतं ते, कोवळं. ताज्या सिमेंटवर पाय देऊ नये तसं.

बारकी तालुक्याला जिंकली, जिल्ह्याला जिंकली, आणि विभागाच्या निवडीची लढत अलिबागला ठरली. त्या लढतीवर काय काय टांगलेलं होतं ते सांगते. जिंकली तर बारकी राज्याच्या शिबिराला जाणार. आपल्या भागातली एक मुलगी शिबिराला गेली, तर मुलींसाठी इथे सरावकेंद्र काढू आणि शिकवायला तुम्हालाच ठेवू, असं एका साहेबांनी आत्याला सांगितलं होतं. आणि सखूने म्हटलं होतं, "जिंकली तर जाऊ दे तिला. हरली तर दिवाळीनंतर लग्न. म्हसळ्याचं स्थळ किती दिवस थांबणार?"

एक अडचण होती. रिंगच्या कोपऱ्यात उभं राहायला प्रशिक्षकाचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्याच्या कोर्सला दहावी लागते. आत्या नववीत शाळा सोडलेली. बाहेरून दहावीला बसवायचा मी चंग बांधला होता. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून मी समास शिकवायची, आणि ती बसल्या जागी घोरायची. "वहिनी, नाकावर मार, पण हे नको," म्हणायची. तेव्हा कोपऱ्यात उभे राहणार होते बारकीच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. भला माणूस, पण व्हॉलीबॉलचा. आत्या आमच्यासोबत प्रेक्षकांत बसणार होती.

आणि इथे आमचे हे जागे झाले. जिल्ह्याच्या विजयाची बातमी पेपरात आली, तीत आत्याचं नाव आडनावासकट होतं. आडनाव ह्यांचंच. धक्क्यावर लोकांनी ह्यांना चहा पाजला. लाँचमधल्या कुणा अनोळखी पाहुण्याने हात मिळवला. त्या संध्याकाळी हे विहाराच्या रस्त्याने आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा फणसाखाली थांबले. पिशवीवर थाप मारली, म्हैस विकत घेताना मारतात तशी.

"दोर चांगला बांधलायस," म्हणाले.

आत्याने त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

अलिबागला हे टेम्पो घेऊन निघाले. नवा शर्ट, गळ्यात शिट्टी, मागे अर्धी आळी. वाडीतले गडी, मासळीवाल्या, सखू, सगळे. हॉलमध्ये एका बाजूला आम्हीच आम्ही. आत्या माझ्या शेजारी, हात मांडीखाली घालून बसलेली. निळ्या कोपऱ्यात बारकी, डोक्यावर ते जाड शिरस्त्राण, आत तिचा चेहरा चिंचोक्याएवढा. समोरची मुलगी उंच, शेजारच्या कुठल्याशा जिल्ह्यातली, चांगली तयारीची होती पण विशेष नव्हती.

पहिल्या फेरीत बारकी नुसती फिरत राहिली. हलकेच डावा हात टाकायची, मागे यायची. वाट बघत होती. आत्या पुटपुटत होती, "थांब. थांब. बरोबर हाय." मला काही कळत नव्हतं, पण आत्याचे खांदे सैल होते, म्हणजे ठीक चाललं असावं.

आमच्या ह्यांना ते ठीक वाटेना. आपली पोरगी मारत नाही. टेम्पोचं भाडं भरून आणलेली आळी बघतेय आणि पोरगी मारत नाही. हे उठले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ज्या आवाजाने खाडीपलीकडचे लोक चपला घालतात त्या आवाजात ओरडले, "सोऽऽऽल!"

बारकीची टाच वळली. मी डोळ्यांनी पाहिलं. ठोसा समोरचीच्या गालावर असा बसला की ती दोरांवर गेली. हॉल उठला. आमची आळी नाचायला लागली. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, लग्नातही तसं पाहिलं नव्हतं.

मग कोण थांबतंय. हे ओरडले, गडी ओरडले, मासळीवाल्या ओरडल्या. सोल. सोल. प्रत्येक हाकेला बारकीचं अंग फिरायचं, तिला वाटो न वाटो. समोरची कुठे आहे ते बघायच्या आधीच ठोसा निघालेला असायचा. दुसऱ्या फेरीआधी समोरच्या मुलीच्या प्रशिक्षकाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आमच्या बाकड्यांकडे बोट केलं. एवढं तर व्हॉलीबॉलवाल्यालाही कळायला हवं होतं. त्यानंतर आम्ही हाक मारली की ती मुलगी एक पाऊल मागे व्हायची. बारकीचा पुरा ठोसा हवेत जायचा, आणि बारकी परत सावरेपर्यंत ती मुलगी येऊन टपकन दोन मारून जायची. हाक, हवा, टपटप. हाक, हवा, टपटप. आमची आळी तिला गावाच्या प्रेमाने सोलत होती.

"आत्या," मी म्हटलं, "अगं सांग ना ह्यांना. गप्प बसव."

आत्याने मांडीखालचा हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. दोन बोटांनी रेटायची तो हात.

"राहू दे वहिनी. दादा उभा हाय."

"अगं पण पोरगी चाललीय हातची."

"दिसतंय मला." डोळे बारकीच्या पायांवर. "माझ्यासाठी कधी उभा राहिला व्हता का तो? मी न्हाय बसवायची त्याला खाली."

मी उठायला लागले, तर त्या हाताने मला खाली दाबून ठेवलं. आणि मी बसले, कारण मला मुळं नाहीत हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

तिसऱ्या फेरीत बारकीची टाच वळेनाशी झाली. हाक आली की नुसता हात पुढे जायचा, दमलेला, खोटा. अंगाला खरंखोटं कळत नाही. निकालाला त्या उंच मुलीचा हात वर गेला तेव्हा बारकी आमच्या बाजूला बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. अजून कुणीतरी हाक मारेल आणि मारायचं राहून जाईल, अशी काळजी होती.

टेम्पोत ह्यांचा आवाज पार बसला होता. पाण्याची बाटली तोंडाला लावून हे घोगऱ्या आवाजात सगळ्यांना सांगत होते, "मी वरडलो म्हणून पोरगी शेवटपर्यंत उभी तरी राहिली. न्हायतर पहिल्याच फेरीत घाबरली व्हती ती. काय गं?"

"व्हय दादा," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर मोरीत पाय धुताना तिने मला धरलं. "दादाला कधी सांगायचं न्हाय. शपथ घे." मी घेतली. शपथ मी पाळली आहे. हे इथे लिहिलं म्हणून मोडली असं कुणी समजू नये. माझं लिहिलेलं ह्यांनी उभ्या जन्मात वाचलेलं नाही. पेपरातही हे भरती-ओहोटीच्या वेळा वाचतात आणि कोण गेलं ते.

साहेबांनी केंद्राचं नाव पुन्हा काढलं नाही. दिवाळीनंतर बारकी म्हसळ्याला सून म्हणून गेली. आत्याने लग्नात तिला ढकललं नाही, नुसती लांबून बघत राहिली. मुली एकेक करून कमी झाल्या. हरलेल्या मास्तरीणबाईकडे पोरगी कोण पाठवणार? ज्या मासळीवाल्या हॉलमध्ये घसा फाडून ओरडल्या होत्या त्याच सांगायला लागल्या, आत्याने पोरीला नुसतं मारायला शिकवलं, लढायला नाही. आत्याच्या कानावर ते आलं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर ह्यांच्यापर्यंत गेलं असतं.

मग ती नवी मुंबईला निघून गेली. तिथल्या एका जिममध्ये बायकांना गाण्यावर ठोसे मारायला शिकवायची. मी एकदा जाऊन बघून आले. आरसे, गार हवा, गुलाबी हातमोजे, आणि कानठळ्या बसवणारं गाणं. आत्याच्या अंगावर त्यांनी दिलेला घट्ट काळा टी-शर्ट. बाहेर चहा पिताना विचारलं, कसं चाललंय.

"बरं चाललंय. इथं ताकद नको असते वहिनी. घाम पायजे असतो."

"टाचा बघतेस का त्यांच्या?"

"बूट असतात," ती म्हणाली. "दिसत न्हाईत."

निघताना तिने माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. मी पाय घट्ट रोवून उभी राहिले, लहान पोरीसारखी, या वेळी हलायचं नाही म्हणून. तिने रेटलंच नाही. नुसती टेकवली आणि काढून घेतली.

गेल्या पावसाळ्यात जिमच्या बाईंचा फोन आला. सकाळी शिकवायला आली नाही म्हणून खोलीवर माणूस पाठवला, तर झोपेतच गेली होती. हृदय, असं म्हणाले. तिला इकडे आणलं. दरवाजात ठेवली तेव्हा ह्यांनी मला काय सांगितलं असेल? "ताट वाढ," म्हणाले, आणि मग त्यांना कळलं, आणि भिंतीला धरून खाली बसले.

पुण्यानुमोदनाला विहार भरला. वंदना झाली, भन्तेजींचं बोलणं झालं, मग ह्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. बारकी म्हसळ्याहून आली होती. आता अंगाने भरलीय, मांडीवर पोर झोपलेलं. बायकांत माझ्या शेजारीच खाली बसली होती, पाय एका बाजूला घेऊन.

हे बोलले. बहिणीला खांद्यावरून शाळेत न्यायचो, ते सांगितलं. वाशावरून दोर सोडला ते सांगितलं नाही, त्यांना ते आठवत नसणार. मग अलिबागवर आले. "पोरगी घाबरली व्हती. समद्यांनी आशा सोडली व्हती. मी उठलो. माझ्या बहिणीची हाक मी मारली." आणि दाखवायला म्हणून ह्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि भरल्या विहारात ओरडले, "सोऽऽऽल!"

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली बघितलं. फरशीवर, साडीच्या काठाबाहेर आलेली बारकीची उजवी टाच वळली होती. मांडीवरचं पोर दचकून जागं झालं. बारकीने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच पदर ओढून पायावर घेतला आणि पोराला थोपटायला लागली.

रात्री जेवताना हे म्हणाले, "बरं बोललो ना?"

"हो."

"आवाज हाय ना अजून माझा?"

"आहे," मी म्हटलं. "पार खाडीपल्याड जातो."